कौशल्याचा जुगार

२० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ऑनलाइन खेळांसंबंधीचे विधेयक संमत केले. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी होऊन त्याचा कायदा झाला. विधेयक मांडल्यापासून तिसऱ्या दिवशी त्याचा कायदा व्हावा, ही घाई आपल्या संसदेच्या इतिहासात अपूर्व नसली तरी नित्याची खासच नाही. सभागृहांतील गोंधळामुळे त्यावर म्हणावी तशी चर्चाही झाली नाही. परंतु या कायद्यातील एका वाक्यावर खरे तर पुष्कळ चर्चा व्हावयास हवी होती. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा आहे, नशिबाचा आहे, की दोहोंच्या मिश्रणाचा आहे, याचा विचार न करता तो निषिद्ध मानावा, असे ते वाक्य सांगते. दीडशेहून अधिक वर्षे भारतीय कायदा ज्या भेदावर उभा होता, तो भेद ऑनलाइन खेळांपुरता या वाक्याने पुसून टाकला.

असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशा शिक्षा कायद्यात आहेत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याला कायदा गुन्हेगार न मानता बळी मानतो. मोठ्या कंपन्यांनी ऑगस्टमध्येच पैशांचे खेळ थांबविले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका निरनिराळ्या उच्च न्यायालयांत दाखल झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. जुगार हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत घातला असता केंद्राला असा कायदा करता येतो काय, हा त्यातील एक प्रश्न. आणि कौशल्याच्या खेळाला जुगार म्हणता येते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न घटनापंडितांचा आहे. दुसरा मात्र तुमच्याआमच्या घरातील आहे. कारण ज्यांच्या हातात मोबाइल आहे आणि महिनाअखेरीस खिशात फारसे काही उरत नाही, अशा लाखो तरुणांना ‘हा जुगार नव्हे, हे कौशल्य आहे’ असे वर्षानुवर्षे सांगण्यात आले. हे सांगणे खरे होते की खोटे, याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

जुना भेद

इंग्रज सरकारने १८६७ साली सार्वजनिक जुगारासंबंधीचा कायदा केला. मुंबई इलाख्यासाठी १८८७ साली स्वतंत्र कायदा झाला. केवळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू होणार नाही, अशी सूट दोहोंत होती. स्वातंत्र्यानंतर हा भेद न्यायालयांनी अधिक स्पष्ट केला. त्याची सुरुवात शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांपासून झाली, ही गोष्ट आज कदाचित मौजेची वाटेल. बंगलोरहून चालणाऱ्या अशा स्पर्धांवर तत्कालीन मुंबई राज्याने कर बसविला. चामरबागवाला यांच्या त्या खटल्यांत १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जुगार हा व्यापारच नव्हे आणि म्हणून व्यवसायस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्याला मिळू शकत नाही. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, तिची गोष्ट मात्र निराळी.

पुढे १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता पत्ता धरावा आणि कोणता टाकावा याचा विचार करावा लागतो, म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय लागला. तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा ठरला. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या बाजूला गेल्या. ऑनलाइन खेळांचा सारा उद्योग पुढे या निकालांच्या पायावर उभा राहिला.

पोकर या दोन टोकांच्या मधोमध सापडला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमी यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले. नागालँडने कौशल्याचा खेळ म्हणून त्याला परवाने दिले. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली तो जुगार ठरविला, तर मद्रासच्या उच्च न्यायालयाने २०२३ साली तो कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पत्ते तेच, नियम तेच. अहमदाबादेत जे नशीब होते ते चेन्नईत कौशल्य झाले. असे का व्हावे? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा त्या खेळाच्या गणितात शोधणे सोयीचे आहे.

हिशेब असा आहे

पोकरचा सर्वांत प्रचलित प्रकार टेक्सस होल्डम हा होय. प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते झाकून मिळतात. पाच पत्ते मध्यभागी उघडे मांडले जातात: प्रथम तीन एकदम, मग एक, मग शेवटचा एक. प्रत्येक टप्प्यावर खेळाडूंनी पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून डावातून बाहेर पडायचे. शेवटी आपले दोन आणि मधले पाच, अशा सात पत्त्यांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत वरचढ, तो मध्ये जमलेली सारी रक्कम उचलतो. या रकमेला पॉट म्हणतात.

समजा, आपल्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची नव्वी आहे. मध्ये चार पत्ते उघडले असून त्यांत दोन बदाम आहेत. म्हणजे चार बदाम झाले. पाचवा आला की एकाच रंगाचे पाच पत्ते जमून डाव बहुधा आपला. ५२ पत्त्यांपैकी आपण सहा पाहिले, ४६ राहिले. १३ बदामांपैकी चार दिसले, नऊ राहिले. तेव्हा शेवटचा पत्ता आपल्याला हवा तोच येण्याची शक्यता ४६ त नऊ, म्हणजे शेकडा साडेएकोणीसच्या जरा वर. न येण्याच्या वाटा ३७. भावाच्या भाषेत हा सुमारे चारास एक असा प्रसंग झाला. ही हाताची शक्यता होय, आणि ती चौथीतल्या मुलालाही मोजता येईल.

पण एवढ्याने निर्णय होत नाही. पाचात एकदाच जिंकण्याची शक्यता आहे, म्हणून डाव सोडावा काय? ते मध्ये किती पैसे आहेत आणि पुढे राहण्यासाठी किती घालावे लागणार, यावर अवलंबून आहे. समजा, मध्ये ८०० रुपये होते आणि प्रतिस्पर्ध्याने २०० लावले. आता पॉट १,००० चा झाला आणि त्यात राहण्यासाठी आपल्याला २०० भरायचे आहेत. म्हणजे डाव आपल्याला पाचास एक असा भाव देतो. हाच प्रसंग ४६ वेळा आला अशी कल्पना करा. नऊ वेळा आपण हजार मिळवू: ९,००० रुपये. ३७ वेळा दोनशे घालवू: ७,४०० रुपये. शिल्लक १,६०० रुपये, म्हणजे दर वेळी सरासरीने ३५ रुपयांची प्राप्ती. येथे पुढे जाणे शहाणपणाचे आहे.

आता एकच गोष्ट बदलू. मध्ये ६०० होते आणि प्रतिस्पर्ध्याने ४०० लावले. पॉट पुन्हा हजाराचाच झाला. आपले पत्ते तेच, बदाम येण्याची शक्यता तीच. पण आता भरायचे आहेत ४०० रुपये. नऊ वेळा ९,००० मिळतील आणि ३७ वेळा १४,८०० जातील. तोटा ५,८०० रुपयांचा. दर वेळी सरासरीने १२६ रुपये. पहिल्या प्रसंगी जो शहाणा होता, तोच माणूस त्याच पत्त्यांवर दुसऱ्या प्रसंगी मूर्ख ठरतो. पॉटचा भाव म्हणतात तो हाच. हाताची शक्यता आणि पॉटचा भाव शेजारी मांडून, भाव शक्यतेहून उदार असेल तरच पुढे जायचे, हे पोकरचे पहिले सूत्र आहे.

त्याच्या पुढचे धडे अवघड आहेत. मध्ये एखादी जोड पडलेली असेल तर आपला बदाम येऊनही प्रतिस्पर्ध्याचा डाव आपल्याहून मोठा निघू शकतो. तेव्हा नऊ पत्ते आपले म्हणून मोजले तरी ते सारेच आपले नसतात. प्रतिस्पर्धी पैसे लावतो ते हातात काही आहे म्हणून, की आपल्याला भिवविण्यासाठी, हेही ओळखावे लागते. थोडक्यात, येथे गणित आहे, स्मरण आहे आणि माणसाची पारख आहे. १९६७ साली न्यायालयाने रमीच्या बाजूने जे जे सांगितले, ते पोकरला निश्चित लागू पडते.

या गणिताची वंशावळही मोठी आहे. अर्धवट राहिलेल्या डावातील पैसे दोन खेळाडूंत न्यायाने कसे वाटावेत, या प्रश्नावर १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रे लिहिली आणि त्यांतून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले. विम्याचा हप्ता आणि लसीची चाचणी ज्या शास्त्रावर चालते, ते द्यूतगृहातून आले. जॉन फॉन नॉयमन याने खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पोकरमधील हूल होती. २०१७ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या लिब्राटस या संगणक-कार्यक्रमाने चार नामांकित पोकरपटूंना १,२०,००० डावांत हरविले. खेळ निव्वळ नशिबाचा असता तर यंत्राला असे हरविता आलेच नसते.

तेव्हा कंपन्या जे सांगत होत्या ते खोटे नव्हते. प्रश्न असा, की ते पुरते खरे होते काय?

नाल कोण घेतो?

वरच्या हिशेबात दोन गोष्टी मुद्दाम सोडल्या होत्या. पहिली वेळ आणि दुसरी खेळ मांडणारा.

२०० रुपये भरण्याचा निर्णय गणिताने बरोबर होता. तो बरोबर निर्णय कोणी दहा वेळा घेतला, तर दहाही वेळा हरण्याची शक्यता शेकडा ११ आहे. म्हणजे अचूक खेळणाऱ्या नऊ जणांतील एकाचे दोन हजार रुपये एकही डाव न जिंकता जातील. हजारो डाव खेळू शकणाऱ्याला याची क्षिती नाही. शेवटी सरासरी त्याच्या बाजूने येते. परंतु ज्याच्याजवळ दोन हजारच होते, त्याच्यासाठी पुढचा डाव उरतच नाही. सरासरी ही दीर्घकाळ टिकणाऱ्याची मैत्रीण आहे, आणि टिकण्यासाठी कौशल्याइतकेच भांडवल लागते. ‘कौशल्य असेल तर जिंकाल’ असे सांगणाऱ्या जाहिरातीने हे कधी सांगितले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मित्रमंडळी आपसांत खेळतात तेव्हा एकाचे गेले ते दुसऱ्याला मिळते; एकूण बेरीज शून्य राहते. पण खेळ मांडून देणारा प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा काढून घेतो. पोकरच्या परिभाषेत त्याला रेक म्हणतात; आपल्याकडील अड्ड्यांच्या भाषेत नाल. समजा, हा हिस्सा पाच टक्के आहे. वरच्या पहिल्या उदाहरणात आपण जिंकलो तर शेवटचा पॉट १,२०० चा. त्यातून ६० रुपये गेले. आता नऊ वेळा मिळणार ९४० प्रमाणे ८,४६०. गेले पूर्वीप्रमाणे ७,४००. शिल्लक १,६०० ऐवजी १,०६०. पाच टक्के दिसायला थोडे, पण कुशल खेळाडूच्या नफ्याचा एकतृतीयांश भाग त्यांनी गिळला.

सबंध बैठकीचा हिशेब केला तर हे आणखी स्पष्ट होते. दहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले आणि सरासरीने ५०० रुपयांचे ५० डाव झाले, तर पॉटमधून २५,००० रुपयांची उलाढाल होते आणि पाच टक्क्यांनी १,२५० रुपये खेळ मांडणाऱ्याकडे जातात. दहा हजारांतील साडेबाराशे मेजावरून नाहीसे झाले. उरलेल्यांसाठी दहा जण भांडणार. मोबाइलवर तर पत्ते वाटायला वेळही लागत नाही. मटक्यात एकेरी आकड्याला दहात एक शक्यता असून रुपयाला नऊ रुपये मिळत, तेव्हा मालकाचा दहावा हिस्सा उघड दिसत असे. पोकरमध्ये तो डावाडावातून थेंबाथेंबाने झिरपतो म्हणून दिसत नाही, एवढाच फरक. मटकेवाल्याप्रमाणेच येथेही कधीही न हरणारा एकच, आणि तो पत्ते खेळतच नाही.

येथे १९६७ च्या निकालाची आठवण पुन्हा करावी लागते. रमीला कौशल्याचा खेळ ठरविणारा त्या निकालाचा भाग उद्योगाने सर्वत्र मिरविला. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली होती: जागेचा मालक किंवा क्लब जर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळातून नफा काढीत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल. म्हणजे न्यायालयाने दोन प्रश्न विचारले होते. खेळ कसला आहे, हा एक. आणि त्यातून पैसा कोण काढतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुढली अनेक वर्षे वकिलांनी वाद घातले. दुसरा प्रश्न जवळजवळ विसरला गेला.

सरकारनेही तो विचारला नाही. उलट ते वाटेकरी झाले. निव्वळ जिंकीवर ३० टक्के कर कापण्याची पद्धत एप्रिल २०२३ पासून सुरू झाली आणि एका वर्षाचा तोटा पुढील वर्षाच्या जिंकीतून वजा करण्याची सोय ठेवली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला. आधीच नालेमुळे उणे असलेली बेरीज अशी अधिकच उणी झाली. जो हिशेब पॉटच्या भावावर बेतला होता तो या करांनंतर जुळेनासा झाला. परंतु तो हिशेब करणारे खेळाडू मुळात होते किती? आणि दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, ज्या व्यवहाराचा कर गोळा केला तोच व्यवहार समाजघातक ठरला.

शकुनीचे कौशल्य

कौशल्य असले म्हणजे खेळ निर्दोष होतो, हा समज आपल्या परंपरेने कधी मान्य केला नव्हता. सभापर्वातील द्यूत पाहावे. युधिष्ठिराला खेळाची आवड होती, पण गती नव्हती. शकुनी फाशांत निष्णात होता. त्या दिवशी हस्तिनापुरात जे घडले ते नशिबाने घडले नाही. एका बाजूला कौशल्य आणि दुसऱ्या बाजूला हौस होती म्हणून घडले. पोकरचे मेज नेमके असेच असते. निव्वळ नशिबाच्या खेळात निदान सारे सारखेच आंधळे असतात. कौशल्याच्या खेळात डोळस माणूस आंधळ्याच्या शेजारी बसतो, आणि आंधळ्याला सांगितलेले असते की तूही डोळसच आहेस. कायदा ज्याला सूट देण्याचे कारण मानत होता, ते कौशल्यच नवख्याला लुबाडण्याचे साधन होऊ शकते.

वनपर्वातील नलाची कथा याहून बोधक आहे. राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने व फळे क्षणात मोजून दाखविली. नलाने झाड तोडून ती प्रत्यक्ष मोजली तेव्हा आकडा बरोबर निघाला. ही विद्या आणि फाशांचे मर्म एकच, असे ऋतुपर्णाने सांगितले आणि अश्वविद्येच्या बदल्यात नलाला ती देऊ केली. मोजण्याची विद्या आणि द्यूताची विद्या एकच आहे, हे त्या कथाकाराला ठाऊक होते. ती विद्या मिळताच नलाच्या अंगातून कली बाहेर पडला. मग त्याने पुष्कराशी पुन्हा द्यूत खेळून एकाच डावात राज्य परत मिळविले, पुष्कराला त्याचा वाटा देऊन सोडून दिले, आणि खेळ थांबविला. मोजता येणे म्हणजे कधी थांबायचे ते कळणे, असा या कथेचा अर्थ घेता येईल.

बंदीचा पल्ला

याचा अर्थ बंदी सर्वस्वी योग्य, असा होतो काय? सरकारच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ पोचली आणि वीस हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले. भागाकार केला तर माणशी साडेचारशे रुपयेही होत नाहीत. या सरासरीने फसू नये. जुगाराचा तोटा सर्वांत सारखा वाटला जात नाही. बहुसंख्यांचे थोडे जाते आणि काहींचे सर्वस्व. धोरण आखायचे ते या काहींकडे पाहून. या दृष्टीने खेळणाऱ्याला सोडून खेळविणाऱ्याला धरण्याचा कायद्याचा रोख योग्यच म्हटला पाहिजे. १९६७ च्या विस्मृतीत गेलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे तो उशिरा का होईना परतला आहे.

पण तो अर्धाच परतला. कायदा ऑनलाइन खेळांपुरता आहे. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारविरोधी कायद्यात १९९० नंतर दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि पुढे जहाजांवर मेजावरच्या खेळांना वाट करून दिली. म्हणजे पणजीच्या धक्क्यावर उभे राहून मोबाइलवर पोकर खेळविणे गुन्हा, आणि समोर मांडवीत नांगरलेल्या जहाजावर तोच डाव, तीच नाल घेऊन मांडणे हा परवानाप्राप्त धंदा. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंसंबंधी कायदा केला होता; तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. मात्र याच राज्याने १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालविली. लॉटरीत कौशल्य शून्य आणि मांडणाऱ्याचा हिस्सा पोकरच्या नालेहून किती तरी मोठा. पण मांडणारे सरकार असले की तिला जुगार म्हणत नाहीत.

याहून गंभीर उदाहरण शेअर बाजाराचे आहे. रोखे बाजाराच्या नियामक मंडळाने, म्हणजे सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. येथेही गणित आहे, कौशल्य आहे. समोर भांडवल आणि संगणक घेऊन बसलेला डोळस प्रतिस्पर्धी आहे. दलाली आणि शुल्के यांच्या रूपाने प्रत्येक व्यवहारावर नालही आहे. सेबीने नंतर कराराची किमान रक्कम वाढविण्यासारखे उपाय योजले, हे खरे. बाजाराला जोखमीची विभागणी करण्याचे एक उपयुक्त कार्य असते आणि पोकरला ते नसते, हा फरकही मान्य केला पाहिजे. परंतु ज्या तरुणाचा मोबाइलवरील पोकर बंद झाला, त्याच्या त्याच मोबाइलवर ऑप्शनचे व्यवहार खुले आहेत, हे विसरून चालणार नाही. परदेशातून चालणारी संकेतस्थळे आणि गल्लीतील अड्डे तर आहेतच. तेथे नाल किती याचा हिशेब कोणी द्यावयाचा नसतो.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. कौशल्य की नशीब, ही कसोटी आता निवृत्त करावी. ती आणली गेली तेव्हा क्लबात चार माणसे समोरासमोर बसत. आज एकाच वेळी लाखो अनोळखी माणसांना एका मेजावर बसविणारी यंत्रणा आहे. तिच्या जागी तीन प्रश्न विचारावेत: मांडणारा किती काढून घेतो, हरणाऱ्याला ते आधी स्पष्ट सांगितले आहे काय, आणि हरण्याला काही मर्यादा आहे काय? हे प्रश्न पोकरला, लॉटरीला, कॅसिनोला आणि वायद्याला सारख्याच कठोरपणे विचारावेत. ज्याची उत्तरे समाधानकारक नसतील त्याला बंदी घालावी. मग तो मोबाइलवर असो, जहाजावर असो की सरकारी मुद्रा लावून असो. असे केले तर न्यायालयात टिकेल असा युक्तिवादही सरकारच्या हाती येईल. नुसत्या नैतिक रोषावर कायदे फार काळ उभे राहत नाहीत.

शिक्षकांचे काम

कायद्याने होणार नाही असे एक काम मात्र शाळांकडे राहते. महाराष्ट्रात दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. पिशवीतील चेंडू, दोन फासे, पत्त्यांच्या जोडातून काढलेला एक पत्ता अशी उदाहरणे मुले सोडवितात, गुण मिळवितात आणि विसरून जातात. पत्ता बदामाचा येण्याची शक्यता किती, येथपर्यंत पुस्तक जाते. त्यासाठी किती पैसे द्यावेत, हा पुढचा प्रश्न ते विचारीत नाही. खरे तर सारे व्यवहारज्ञान त्या पुढच्या प्रश्नात आहे. ४६ पत्ते, नऊ बदाम आणि हजाराचा पॉट, हे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडायला अर्धा तास पुरेल. मग त्यात नाल घालावी, कर घालावा आणि विद्यार्थ्यांनीच बेरीज करून पाहावी. लॉटरीचे तिकीट, हप्त्यावरचे कर्ज, विम्याची जाहिरात, ‘खात्रीचा’ परतावा, सारे याच बेरजेने पारखता येते.

पत्त्यांचे उदाहरण दिल्याने मुले बिघडतील अशी भीती काहींना वाटेल. ती अनाठायी आहे. मोबाइलने त्यांना पत्ते केव्हाच दाखविले आहेत. दाखविला नाही तो फक्त हिशेब. सर्वोच्च न्यायालय कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही निर्णय देवो, हा हिशेब शिकविण्यासाठी कोणाच्याही निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.